पोयबावडीची खोली ते हिंदू कॉलनीतलं राजगृह

पोयबावडी

नमस्कार, जय भीम मंडळी.

दर सहा डिसेंबरला आमच्या घरचा एक शिरस्ता आहे. पहाटे परळच्या पोयबावडीत बीआयटी चाळीपाशी जमायचं. एक नंबरची चाळ, दुसरा मजला, बाबासाहेब आंबेडकर राहिले त्या ५० आणि ५१ नंबरच्या खोल्या. तिथे गॅलरीत दोन मिनिटं उभं राहायचं. मग चालत दादर टीटी, हिंदू कॉलनीत बाबासाहेबांचं घर राजगृह, आणि तिथून टिळक पूल उतरून चैत्यभूमी. माझे आजोबा गिरणीत होते, त्यांनी हे सुरू केलं. आधी त्यांच्या खांद्यावर बसून, मग त्यांचा हात धरून आणि आता लेकीला घेऊन मी हा रस्ता चालत आले आहे.

यंदा राजगृहापाशी रांगेत उभ्या असताना लेकीने विचारलं, "आई, चाळीच्या नावात बीआयटी आहे ते काय?" मी सांगितलं, बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. "मग हे घर कोणी बांधलं?" म्हटलं, बाबासाहेबांनी स्वतः. "आणि ही गल्ली? झाडं? हे कोणी केलं?" इथे मी अडले. घरी येऊन जुनी पुस्तकं काढली. उत्तर मिळालं तेव्हा अंगावर काटा आला. ही गल्लीही ट्रस्टनेच आखलेली आहे. चाळ बांधणारा आणि राजगृहाच्या जमिनीचा प्लॉट पाडणारा हात एकच.

१८९६ साली मांडवी भागात प्लेग सुरू झाला आणि मुंबई रिकामी व्हायला लागली. अंधाऱ्या, कोंदट, माणसांनी खच्चून भरलेल्या चाळींमुळे साथ पसरते, असं तेव्हाच्या सरकारचं मत बनलं आणि १८९८ च्या कायद्याने हा ट्रस्ट जन्माला आला. त्याने शहरात रुंद रस्ते काढले. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड ही त्याचीच कामं. रस्त्यांसाठी जुन्या वस्त्या पाडल्या, तिथल्या कष्टकऱ्यांसाठी चाळी बांधल्या. आणि उत्तरेला, जिथे तेव्हा शेतं, वाड्या आणि पाणथळ जमीन होती, तिथे दादर-माटुंग्याचं मोकळं उपनगर आखलं. आज आपण दादरला मुंबईचं पोट म्हणतो, पण तेव्हा ते गावाबाहेर होतं. मध्यमवर्गाने तिकडे राहायला जावं, शहरातली दाटी कमी व्हावी, हा हेतू. पारशी कॉलनी, हिंदू कॉलनी, फाइव्ह गार्डन्स, पुढे माटुंगा, सगळं त्या आखणीतलं.

म्हणजे एकाच ट्रस्टने माणसांची दोन मापं काढली होती. कामगाराला एक खोली, समोर सामाईक गॅलरी, नळ आणि संडास टोकाला. साहेबाला, वकिलाला, डॉक्टराला झाडांच्या गल्लीत प्लॉट. या दोन मापांमधलं अंतर पायी पाऊण तासाचं. बाबासाहेबांना ते ओलांडायला बावीस वर्षं लागली.

१९१२ पासून १९३४ पर्यंत ते पोयबावडीत होते. मधली परदेशातली वर्षं वगळली तरी तो त्यांच्या आयुष्याचा केवढा मोठा भाग! कोलंबियाची पदवी घेऊन ते इथेच परतले. लंडनची डी.एस्सी. आणि बॅरिस्टरी घेऊन इथेच परतले. महाडच्या सत्याग्रहाला निघाले तेव्हाही त्यांचा पत्ता हाच. शाहू महाराज त्यांना भेटायला याच परळच्या चाळीत आले होते. दोन खोल्यांत रमाई, यशवंत, थोरल्या भावाची पत्नी लक्ष्मीवहिनी, पुतण्या मुकुंद, आणि पुस्तकं. दिवसभराचा राबता वेगळाच. कचेरीसाठी दामोदर हॉलमध्ये जागा होती, पण वाचायचं आणि लिहायचं केव्हा, तर चाळ झोपल्यावर.

माझी आजी त्याच परिसरात वाढली. ती सांगायची, चाळीत एकांत नावाची वस्तू नसते. शेजारच्या बाळाला ढेकर आला तरी आपल्याला कळतो. त्या आवाजात बसून ज्याने एवढं लिहिलं, त्याने स्वतःचं घर बांधताना सगळ्यात आधी काय मागितलं असेल?

राजगृहात याचं उत्तर आहे. तळमजल्यावर तीन-तीन खोल्यांचे दोन ब्लॉक, तिथे कुटुंब. सगळ्यात वरच्या मजल्यावर ग्रंथालय आणि कचेरी. घराचं डोकं पुस्तकांना दिलं.

बांधकाम १९३३ च्या सुमारास पुरं झालं. आणि एक योग बघा, त्याच १९३३ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला. ट्रस्टचं नाव मिटलं त्या सुमारास त्याच्या चाळीतला एक भाडेकरू त्याच्याच उपनगरात घरमालक झाला.

नावाबद्दलही लिहायला हवं. राजगृह म्हणजे मगधाची राजधानी, बिंबिसाराची, आजचं राजगीर. बुद्धाच्या परिनिर्वाणानंतर पहिली संगीती, म्हणजे भिक्खूंची सभा, तिथल्या सप्तपर्णी गुहेत झाली. येवल्याची धर्मांतराची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ ची, बौद्ध धम्माची दीक्षा १९५६ ची. घराला नाव त्याआधीच दिलेलं होतं. माणूस कुठे निघाला आहे ते त्याच्या दारावर आधीच लिहिलं होतं, असं मला तरी वाटतं.

इथे इमारतींचं कळणारे, कॉलनीत राहिलेले, ग्रंथालयात काम केलेले बरेच जण आहेत. आपापलं लिहा. मला लेकीला नीट उत्तर द्यायचं आहे.

नवखा

ताई, फार सुंदर लिहिलंत. चाळ आणि कॉलनी एकाच ट्रस्टची हे मला आजवर माहीत नव्हतं. राजगृह आतून बघता येतं का? मी साताऱ्याहून येणार आहे.

पोयबावडी

तळमजल्यावर स्मारक-संग्रहालय आहे, ते बघता येतं. बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू, पलंग, भांडी, छायाचित्रं आणि त्यांच्या अस्थी. वर कुटुंब राहतं, तेव्हा ते कोणाचं तरी राहतं घर आहे हे मनात ठेवून जायचं. २०१३ साली वारसा वास्तू म्हणून त्याची नोंद झाली. ७ जुलै २०२० ला त्याच आवारात अज्ञातांनी तोडफोड केली, खिडकीच्या काचा, कुंड्या, कॅमेरे फोडले. त्या रात्री मला झोप लागली नव्हती. त्याबद्दल इथे अधिक नको, धागा घराबद्दल राहू दे.

नकाशेवाला

पोयबावडीताई, तुमच्या लेकीचा प्रश्न अगदी मुळाशी जाणारा आहे. मी चाळीस वर्षं इमारतींच्या नकाशांवर काम केलं, त्यातली बरीच दादर-माटुंग्यात. थोडं सांगतो.

ट्रस्टचा एक नियम होता, साडेत्रेसष्ट अंशांचा. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१० च्या दशकात तो लावून धरला. ऐकायला अवघड, समजायला सोपा. तळमजल्यावरच्या खिडकीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत रेघ ओढा. ती जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांहून जास्त उभी झाली तर खोलीत आकाश पुरेसं दिसत नाही. शाळेच्या भूमितीत बसवायचं तर उंची दोन, मोकळी जागा एक. चाळीस फूट उंच भिंत असेल तर समोर वीस फूट मोकळं हवं. प्लेगच्या भीतीतून आलेला हा नियम. उजेड आणि वारा म्हणजे औषध, असं तेव्हा मानत.

हिंदू कॉलनीच्या गल्ल्यांत गेल्यावर दादरच्या फलाटावरून आल्यासारखं वाटतच नाही, त्याचं कारण हे. तळ अधिक दोन मजले, चारी बाजूंनी जागा सोडलेली, कुंपणाची भिंत बुटकी, रस्त्याकडे गॅलरी. झाडं रस्त्याची, पण सावली घराची. आता नव्या उंच इमारती उठल्यात, तरी एखाद्या जुन्या इमारतीच्या बाजूच्या बोळात उभं राहून वर पाहिलं तर ते माप अजून डोळ्यांना कळतं.

या भागाने मुंबईला दिलेली दुसरी गोष्ट म्हणजे ब्लॉक. आज आपण फ्लॅट म्हणतो तो. एका दाराच्या आत स्वयंपाकघर, मोरी, संडास, सगळं. चाळीत ते बाहेर, सामाईक. आज यात विशेष वाटत नाही, पण त्या पिढीला संडास घरात आणणं फार जड गेलं. कारण उघड आहे. संडास आत आला म्हणजे तो साफ करणारा माणूसही आत येणार. मग वास्तुरचनेने वाट काढली: संडास मागच्या टोकाला, आणि मागच्या बाजूने लोखंडी गोल जिना. सफाई करणाऱ्याने त्या जिन्याने वर यायचं, मागच्या दाराने काम करायचं, त्याच जिन्याने उतरायचं. घरातल्या कोणाला त्याचं तोंड दिसायला नको. जुन्या मुंबईत असे जिने ढिगाने होते, काही अजून गंजत उभे आहेत. नकाशात आम्ही त्याला 'सर्व्हिस जिना' लिहायचो. मी स्वतः कित्येकदा लिहिलं आहे. त्या शब्दाखाली काय झाकलं आहे ते निवृत्तीनंतर समजलं.

ज्या काळात उपनगरातल्या इमारतींना मागून असे जिने लागत होते, त्याच काळात, त्याच उपनगरात, महार जातीत जन्मलेला बॅरिस्टर पुढच्या दाराने स्वतःच्या घरात जात होता. माझ्या मते राजगृहाचं वास्तुशास्त्र इथून सुरू होतं.

आता वरच्या मजल्यावरच्या ग्रंथालयाबद्दल, कारण यात आमच्या धंद्याची गंमत आहे. पुस्तकं जड असतात. आजच्या भारतीय मानकांत राहत्या खोलीच्या जमिनीला चौरस मीटरमागे साधारण २०० किलो भार धरतात, पुस्तकांच्या मांडण्यांच्या खोलीला ६०० च्या पुढे. तिप्पट. कोणताही इंजिनिअर सांगेल, पुस्तकं तळमजल्यावर ठेवा. बाबासाहेबांनी उलटं केलं. पण ते तर्काला धरून आहे. मुंबईचा पावसाळा, तळमजल्याची ओल, वाळवी. वर उजेड, वारा आणि शांतता. माणसं खाली येतील-जातील, घरकाम खाली चालेल, वर पाय वाजणार नाहीत. ज्याने वीस वर्षं गॅलरीतली पावलं ऐकली त्याने आपल्या डोक्यावर कोणी चालणार नाही अशी जागा निवडली.

ग्रंथपाल

नकाशेवाला काका, तुमच्या भाराच्या हिशोबात माझीही भर. राजगृहातल्या पुस्तकांचा आकडा पन्नास हजारांवर सांगितला जातो. सरासरी एक पुस्तक अर्धा किलो धरलं तरी पंचवीस टन होतात.

पण मला त्या पुस्तकांमागची भीती सांगायची आहे. न्यूयॉर्कमध्ये विद्यार्थी असताना त्यांनी सुमारे दोन हजार पुस्तकं जमवली होती. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने लंडनचा अभ्यास अर्धवट सोडून परतावं लागलं. सामान वेगळ्या बोटीने पाठवलं होतं. पहिलं महायुद्ध चालू होतं आणि ती बोट टॉर्पेडोने बुडाली. नुकसानभरपाई म्हणून थोडे पैसे आले, पुस्तकं कुठून येणार?

आणि त्याच १९१७ साली बडोदा. संस्थानात मोठी नोकरी, पण राहायला जागा नाही. हिंदू हॉटेलात प्रवेश नाही, म्हणून पारशी असल्याचं सांगून एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन जमाव आला आणि खोली सोडायला लावली. मित्रांकडे विचारलं, त्यांनीही सबबी सांगितल्या. शेवटी कमाठीबागेत काही तास बसून रात्रीची मुंबईची गाडी पकडली. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा तो बागेतला संध्याकाळचा वेळ माझ्याच्याने पुढे ढकलवत नाही.

एकाच वर्षात पुस्तकं बुडाली आणि डोक्यावरचं छप्पर नाकारलं गेलं. सोळा वर्षांनी बांधलेल्या घरात खाली छप्पर आणि वर पुस्तकं. मला राजगृहाचा नकाशा असा दिसतो.

हिंदू कॉलनीत त्यांची आणखी एक इमारत होती, 'चार मिनार'. ती १९४१ साली विकली, पुस्तकांपायी आणि देण्यापायी. राजगृह विकलं नाही. घरं बांधणारे पुष्कळ असतात, पुस्तकांसाठी इमारत विकणारा मी दुसरा ऐकला नाही.

या घराच्या काळात काय काय लिहिलं गेलं! १९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने अध्यक्षीय भाषणासाठी बोलावलं, भाषण आधी वाचलं, घाबरले आणि परिषदच रद्द केली. बाबासाहेबांनी ते न झालेलं भाषण स्वखर्चाने छापलं. १५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या. त्याच वर्षी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. त्याच सुमारास सरकारी विधी महाविद्यालयाचे प्राचार्यही होते. पुढे १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झालं आणि या संग्रहातला मोठा भाग तिकडे गेला. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला मला त्यांच्या हाताने खुणा केलेलं एक पुस्तक हाताळायला मिळालं होतं. समासात लाल-निळ्या पेन्सिलीच्या रेघा, कुठे नुसती उभी रेघ, कुठे दोन. एका पानावर पेन्सिलीचं टोक मोडल्याचा खड्डा होता. माझ्या बोटाला तो लागला. त्याआधी कधी, त्यानंतर कधी, पुस्तकाला स्पर्श केल्यावर इतकं दचकलो नाही.

नवखा

काका, अंगावर शहारा आला.

तिसरी गल्ली

हा धागा सकाळपासून तीनदा वाचला. लिहावं की नाही कळत नव्हतं.

माझा जन्म हिंदू कॉलनीतला. आमचं घर म्हणजे ताईंनी वर्णन केलेल्या मध्यमवर्गाचं अगदी नमुनेदार घर. आजोबा सरकारी नोकर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघराचा ब्लॉक, नक्षीच्या सिमेंटच्या लाद्या, सागवानी खिडक्या, खिडकीच्या वर उजेडासाठी काचेची झडप. लाद्या हिरव्या-तांबड्या. उन्हाळ्यात आम्ही पोरं फ्रॉक वर करून पोट टेकवून त्यावर पडायचो, इतक्या गार. गेल्या वर्षी आमची इमारत पुनर्विकासाला गेली. मी शेवटच्या दिवशी जाऊन एक लादी मागितली. मिस्त्री म्हणाला, निघताना फुटतात बाई. तीन फुटल्या, चौथी आली. ती आता माझ्या देवघरासमोर आहे.

राजगृह आमच्यासाठी 'पाचव्या गल्लीतलं डॉक्टरांचं घर' होतं. लहानपणी मला वाटायचं, इथे दवाखाना आहे. घरात त्याबद्दल कोणी वाईट बोलल्याचं आठवत नाही, पण चांगलंही कोणी बोललं नाही. बोलायचंच नाही, असं होतं ते. माझ्या शाळेच्या एकाही सहलीत, एकाही निबंधात ते घर आलं नाही, आणि शाळा चालत पाच मिनिटांवर.

७ डिसेंबर १९५६ चं मला माझ्या आजीने सांगितलं, तेही ती ऐंशी पार केल्यावर. दिल्लीहून पार्थिव विमानाने आदल्या रात्री उशिरा आलं आणि राजगृहावर ठेवलं होतं. पहाटेपासून गल्ल्या माणसांनी भरल्या. आजी म्हणाली, एवढी माणसं आणि आवाज नाही, नुसतं रडणं. आमच्या इमारतीच्या पायरीवर एक बाई बसली, कडेवर मूल. तिने वर बघून पाण्याची खूण केली. आजी गॅलरीत उभी होती. आजोबा म्हणाले, आत ये, दार लाव. तिने लावलं.

"माठ भरलेला होता गं," असं म्हणून आजी थांबली. पुढे काही बोलली नाही. मी तेव्हा बावीस-तेवीस वर्षांची होते, मलाही काही सुचलं नाही. हे मी आजवर कुठे लिहिलं नव्हतं. आज वाटलं, घराचा इतिहास लिहायचा तर समोरच्या घरांचाही लिहायला हवा.

पोयबावडी

तिसरी गल्ली ताई, तुम्ही हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. सोपं नसणार ते.

माझी आजी त्या दिवशी त्या गर्दीत होती. गिरणी बंद, चाळीच्या चाळी रिकाम्या, सगळे चालत निघाले. पाण्याचं तिने कधी काही सांगितलं नाही. तिच्या लक्षात राहिली होती ती राजगृहासमोरच्या झाडांवर चढलेली पोरं. फांदी मोडेल म्हणून खालून बायका ओरडत होत्या आणि ओरडता ओरडता रडत होत्या. मग गर्दीबरोबर चौपाटीपर्यंत, तिथे भदंत आनंद कौसल्यायन यांनी विधी केले. परत यायला मध्यरात्र झाली.

रमाईंबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. राजगृह म्हटलं की सगळे पुस्तकांवर जातात, मीही गेले. पण रमाईंच्या वाट्याला हे घर जेमतेम वर्ष-दीड वर्ष आलं. १९०६ साली लग्न, मग वर्षानुवर्षं तीच चाळ, नवरा परदेशात, चार मुलं डोळ्यांदेखत गेली, शेवटचा राजरत्न १९२६ मध्ये. गोलमेज परिषदांच्या वर्षांतही बाबासाहेब महिनोन् महिने लंडनला. आणि घर झालं, सहा खोल्या झाल्या, तेव्हा शरीर थकलेलं. २७ मे १९३५ ला राजगृहातच त्या गेल्या. वय ३७. दर मे महिन्यात मी एकटी राजगृहासमोर जाऊन येते ती त्यांच्यासाठी. गल्लीत तेव्हा गुलमोहर पेटलेला असतो आणि रांग नसते.

चाळीतल्या नळावर रांगेत उभी राहिलेली बाई आपल्या घरातल्या मोरीत पहिल्यांदा नळ सोडते, तो आवाज कसा लागला असेल तिला, हे मला दरवेळी तिथे वाटतं.

टेम्सकाठी

वीस वर्षं लंडनमध्ये आहे, म्हणून इथली बाजू. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये प्रिमरोज हिलजवळ १०, किंग हेन्रीज रोड या घरात राहत होते. शेजारच्या घराला भिंत लागून असलेलं, रांगेतलं विटांचं घर. तेव्हा ते तिथे एका खोलीत भाडेकरू. १९९१ पासून दारावर निळी तबकडी आहे. २०१५ साली महाराष्ट्र सरकारने घर विकत घेतलं आणि संग्रहालय केलं. मग स्थानिक परिषदेने आक्षेप घेतला, राहत्या घराचं संग्रहालय कसं केलंत, गर्दी होईल. सुनावणी झाली आणि मार्च २०२० मध्ये परवानगी मिळाली.

त्या सुनावणीच्या काळात एक विचार सारखा येत होता. बाबासाहेबांच्या घराबाहेर लोक जमले की शेजारच्यांना काय वाटतं, हा प्रश्न दादरमध्येही आणि लंडनमध्येही. मी दर १४ एप्रिलला जातो. ब्रिटिश शेजारीण आता ओळखते. मागच्या वर्षी तिने विचारलं की तुम्ही सगळे पांढरे कपडे का घालता. बाकावर बसून अर्धा तास बोललो.

नकाशेवाला

तिसरी गल्ली ताई, तुमच्या लादीचा फोटो टाका. हिरव्या-तांबड्या नक्षीवरून कुठल्या साच्याची ते बहुतेक सांगू शकेन. त्या काळात भारत फ्लोअरिंगच्या लाद्या कॉलनीत पुष्कळ घरांत होत्या. कंपनी १९२२ ची, परदेशी लाद्यांना स्वदेशी उत्तर म्हणून निघालेली.

आणि पोयबावडीताई, वारसा यादीबद्दल एक काळजी मांडतो. एक घर यादीत आलं म्हणजे ते वाचतं, पण त्याच्या भोवतीचं माप वाचत नाही. गल्लीची रुंदी, समोरची उंची, झाडं, मोकळी जागा, यातून राजगृहाचा अर्थ तयार होतो. शेजारी पंचवीस मजले उठले की ते एकटं, खाली बसल्यासारखं दिसतं. पोयबावडीच्या चाळींचंही तेच. तिथे स्मारकाची घोषणा झाली आहे, चांगलंच आहे. पण नुसत्या दोन खोल्या काचेत ठेवून चाळ पाडली, तर त्या खोल्या कशातल्या होत्या हे पुढच्या पोरांना कळणार कसं? गॅलरी राहिली पाहिजे. टोकाचा नळ राहिला पाहिजे. ज्या कोणाच्या हातात हे आहे त्यांच्यापर्यंत पोचवता आलं तर बघा. नकाशे मी काढून देतो, एक पैसा नको.

ग्रंथपाल

काकांशी शंभर टक्के सहमत. दोन्ही वास्तू एकत्र बघितल्या तरच त्यातली वाट दिसते. मी पत्राचा मसुदा करतो, सगळ्यांना दाखवून मगच पाठवू.

तिसरी गल्ली

फोटो उद्या टाकते, दिवसाच्या उजेडात रंग नीट येतो. एक विचारायचं होतं. पुढच्या सहा डिसेंबरला मी आमच्या जुन्या गल्लीच्या तोंडाशी पाण्याचा माठ ठेवला तर चालेल ना? आता तिथे घर नाही, पण ओळखीच्या दुकानदाराने जागा देतो म्हटलं आहे.

पोयबावडी

ताई, विचारताय काय. आम्ही पहाटे साडेसहापर्यंत तिथून जातो. पंधरा-वीस जण असतो, लहान मुलंही. थांबू.

काका, तुमची साडेत्रेसष्ट अंशांची गोष्ट लेकीला वाचून दाखवली. तिने लगेच जुन्या वहीच्या पुठ्ठ्याचा काटकोन त्रिकोण कापला, एक बाजू दहा सेंटिमीटर, दुसरी वीस. काल संध्याकाळी आम्ही कॉलनीत जाऊन आलो. एका जुन्या इमारतीच्या तळमजल्याच्या खिडकीपाशी बसून तिने त्रिकोणाच्या तिरक्या कडेवरून समोरच्या गच्चीकडे पाहिलं. आतल्या आजोबांनी खिडकी उघडून विचारलं, काय करतेस बाळ? तिने समजावून सांगितलं, तर ते चष्मा लावून बाहेरच आले आणि स्वतः बसून बघितलं. तिथे अजून आकाश दिसतं. त्याच्या पुढच्या इमारतीपाशी नाही दिसलं, समोर नवा टॉवर आहे.

येत्या रविवारी पोयबावडीत चाळीच्या खालच्या खोलीतून बघायचं ठरवलं आहे. ट्रस्टने कामगारांना किती आकाश ठेवलं होतं ते तिला मोजायचं आहे. काका, जमलं तर तुम्हीही या. सकाळी आठला, एक नंबरच्या जिन्यापाशी.